कात अडते तेव्हा

सापाची कात आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. लाकडांच्या ढिगाखाली, गोठ्याच्या वळचणीला किंवा कुंपणाच्या दगडांत ती पांढरी, कागदासारखी कुरकुरीत नळी सापडते आणि घरातली पोरे दोन दिवस त्या बाजूला फिरकत नाहीत. पण पालीची कात किती जणांनी पाहिली असेल? रोज संध्याकाळी दिव्यापाशी येऊन बसणारी, आपल्या बोलण्याला चुकचुकून साक्ष देणारी पाल वर्षातून कितीतरी वेळा कात टाकते. तरी सकाळी केर काढताना ती कात केरसुणीला लागत नाही. कारण अगदी साधे आहे. पाल आपली कात बहुधा खाऊन टाकते. अंगावरून उतरलेले वस्त्र दुसऱ्याच्या हाती पडू द्यायचे नाही, असा तिचा बाणा.

या विषयाकडे आम्ही आपण होऊन वळलो, असे मात्र नाही. एका कार्तिकात आमचा भाचा शिक्षणासाठी वसतिगृहात राहावयास गेला आणि जाताना आपली काचपेटी मलाजखंडला आमच्या ओटीत ठेवून गेला. पेटीत वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली एक पाल होती. बाजारात हिला लेपर्ड गेको म्हणतात. आपण बिबट्या पाल म्हणू. "मामा, काही त्रास नाही हिचा. पाणी, किडे आणि दिवा, एवढेच बघा," असे सांगून तो मोकळा झाला. शेजारच्या आजींनी पेटीकडे एकवार पाहून कपाळाला हात लावला. पाल अंगावर पडली तर कोणत्या अवयवाचे काय फळ, हे पंचांगातल्या पल्लीपतनाच्या कोष्टकात त्यांना तोंडपाठ. ती कुणी विकत आणून उबेला ठेवील, हे मात्र त्यांच्या कोष्टकात नव्हते.

ही पाल आपल्या भिंतीवरच्या पालीची दूरची नातलग. दोघींच्या रीतिभाती फार वेगळ्या. भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक झाकण असते आणि ते ती जिभेने पुसते. बिबट्या पालीला आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या असतात. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे ती काचेवर चढत नाही, जमिनीवरच वावरते. जाड शेपटीत चरबी साठवते आणि उपासाच्या दिवसांत त्या पुंजीवर जगते. मूळची ही पाकिस्तान-अफगाणिस्तानाकडच्या रुक्ष, खडकाळ मुलखातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. आज जगभर घरोघरी जी दिसते ती पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली, पेटीतच जन्मलेली असते.

रुक्ष मुलखातली म्हटली की माणसाची समजूत होते, हिला कोरडे ठेवले म्हणजे झाले. आमचीही तीच झाली. आणि तीच आम्हांला नडली.

कात पडते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा पूर्ण तयार होते. मग या दोन थरांच्या मध्ये शरीरातला द्रव झिरपतो आणि जुना थर नव्यापासून सुटू लागतो. या वेळी जनावर फिके, दुधी दिसते. ठिपके धुक्याआड गेल्यासारखे होतात. एक-दोन दिवसांत ते खडबडीत दगडावर नाक घासते, ओठापाशी कात उकलते आणि मग ती मोज्यासारखी मागे मागे सोलत नेली जाते. तोंडाने ओढायची, ओढता ओढता गिळायची. सगळे सुरळीत असले तर घटका-दोन घटकांत काम संपते. वाढत्या पिलांची कात आठवड्या-पंधरवड्याने पडते, वयात आलेल्यांची महिन्या-दीड महिन्याने.

आता यात ओलाव्याचे महत्त्व लक्षात येईल. दोन थरांत झिरपणारा द्रव शरीरातल्या पाण्यातूनच यायचा. जनावर आतून तहानलेले असेल तर तो पुरत नाही. भोवतालची हवा कोरडी असेल तर सुटलेला थर उतरण्यापूर्वीच वाळतो आणि अंगाला चिकटून बसतो. पाठीवरचा तुकडा राहिला तर फारसे बिघडत नाही. पुढच्या खेपेस बहुधा निघून जातो. बोटावर राहिलेला तुकडा मात्र वाळता वाळता आकसतो आणि बोटाला दोऱ्यासारखा काचतो. रक्त पुढे जात नाही. बोट सुजते, काळे पडते आणि एके दिवशी टोक गळून जाते. पुन्हा ते येत नाही. पालीची शेपटी तुटली तर नवी फुटते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बोटाच्या बाबतीत निसर्ग तेवढा उदार नाही.

रुक्ष मुलखात मग या पाली कशा जगतात? त्या दिवसा उन्हात नसतात. दगडांखाली, बिळांत, कपारींत असतात आणि तेथे खोलवर ओल टिकून राहते. वर वाळवंट, खाली दमट खोली असे त्यांचे घर असते. आपण काचपेटीत वरचा मजला तेवढा देतो आणि तळघर विसरतो.

आता आमच्या चुकीची हकीगत. मलाजखंड म्हटले की लोकांना तांब्याची खाण आठवते, पण हिवाळ्यात मध्य प्रदेशाच्या हवामानाच्या बातम्यांत हे नाव दुसऱ्याच कारणाने येते. बैहरच्या पठारावरची थंडी कडक. पौषात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. जनावर गारठेल या भीतीने आम्ही पेटीवरचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवला. ऊब छान होती. पाण्याची वाटी भरलेली असे. जानेवारीत ती दुधी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळीधमक दिसली. आम्ही समाधान पावलो आणि भाच्याला तसे कळवलेही. मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांच्या टोकांना पांढुरके काहीतरी आहे, हे दिसले होते. पण ते तिचे नखच असेल, असे आम्ही ठरवून टाकले. फेब्रुवारीत दुसरी कात पडली आणि पहिल्या कड्यावर दुसरे कडे बसले. पाय उचलून टाकते आहे असे वाटले तेव्हा भिंग घेऊन पाहिले. दोन्ही बोटे मुळाशी सुजलेली, टोकांशी काळी पडलेली होती.

येथून बालाघाट गाठायचे तर घाट उतरून जावे लागते, आणि तेथेही गुरांच्या डॉक्टरांची सवय गाईम्हशींची. सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला पशुवैद्य हवा तर जबलपूर किंवा नागपूर. तेथे पशुवैद्यकाची महाविद्यालये आहेत. छायाचित्रे पाठवून जबलपूरच्या एका परिचित डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पेटीत ओली जागा कुठे आहे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जनावर घेऊन आम्ही जबलपूरला गेलो. बोटांची टोके वाचली नाहीत. पाय वाचला.

भाच्याला हे कळवणे त्या प्रवासापेक्षा कठीण गेले. तो रागावला नाही. "मामा, ओल्या डब्याचे मीच सांगायला विसरलो," एवढेच म्हणाला. मुलाचा हा समजूतदारपणा आम्हांला अधिक लागला.

तेव्हापासून जे शिकलो ते येथे मांडतो, कारण आपल्या मंडळींच्या घरांतही, नागपुरात, रायपुरात, इंदुरात, मुले अशा पाली पाळू लागली आहेत आणि सुटीत त्या मामा-आजोबांच्या गळ्यात पडतात.

सर्वांत आधी ओला डबा. झाकणाचा एखादा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, जनावर सहज आत जाईल एवढे भोक एका बाजूला पाडावे आणि भोकाच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, शेवाळ किंवा नुसता टिपकागद ओला करून, घट्ट पिळून ठेवावा. हातात घेतला तर ओला लागावा, पण पाणी ठिबकू नये. हा डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला म्हणजे आतली हवा चांगली दमट राहते. पेटीच्या इतर भागात आर्द्रता तीस-चाळीस टक्के असली तरी चालते, डब्यात ती सत्तर-ऐंशीपर्यंत हवी. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. अंदाजाने चालू नये, असे अनुभवाअंती सांगतो. डब्यातला कागद दोन-तीन दिवसांनी बदलावा, भुसा बुरसला की फेकावा. कात जवळ आली की जनावर आपण होऊन तेथे जाऊन बसते. त्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. जागा तेवढी असावी लागते.

दिव्याविषयी. पेटीच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास, असा उतार हवा, म्हणजे जनावर आपल्या मर्जीने बाजू बदलते. सतत जळणारा दिवा हवेतला ओलावा शोषून घेतो. आम्ही आता पेटीखाली एका बाजूस उष्णतेची गादी आणि तिला तापमान-नियंत्रक असे ठेवले आहे. नियंत्रक नसेल तर गादी वापरूच नये. पोट भाजलेली जनावरे डॉक्टरांकडे येतात.

गमतीची गोष्ट अशी की, ज्या वैशाखाची आम्हांला धास्ती होती तो निर्वेध गेला. लू सुटली होती, पण ओटीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असल्यामुळे खोलीची हवा दमट राहिली आणि कात एका झटक्यात उतरली. त्रास झाला तो गारठ्यात आणि तोही आमच्याच दिव्याने. पावसाळ्याची कथा उलटी. आषाढ-श्रावणात आपल्याकडे भिंतींना बुरा येतो. त्या दिवसांत पेटीत पाणी शिंपडत बसले तर त्वचेवर फोड उठतात, कुजते. तेव्हा ओल डब्यापुरतीच ठेवून पेटीची जाळी मोकळी सोडावी. पुस्तकातले आकडे परदेशातल्या बंद, तापवलेल्या खोल्यांचे असतात. बालाघाट जिल्ह्यातल्या ऋतूंनी ती पुस्तके वाचलेली नाहीत.

घासायला खडबडीत काहीतरी हवेच. नदीतला एखादा धुऊन उकळलेला दगड, सालीसकट लाकडाचा तुकडा पुरे. काच, टाइल आणि प्लॅस्टिक यांच्या गुळगुळीत संसारात बिचारीने नाक घासावे कशावर?

आणि एवढे करूनही तुकडा राहिलाच तर? ओढू नये. हे एकच वाक्य लक्षात राहिले तरी आमचे लिहिणे वाया गेले नाही असे समजू. वाळलेली कात ओढली की खालची कोवळी त्वचा तिच्याबरोबर येते. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यावे, अठ्ठावीस-तीस अंशांचे, म्हणजे आपल्या मनगटाला गार ना गरम असे. पाणी जनावराच्या पोटापर्यंतच. नाक वर राहिले पाहिजे. पंधरा-वीस मिनिटे त्यात उभे राहू द्यावे आणि तेथून हलू नये. मग काडीला ओला कापूस गुंडाळून बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच लोळवावा. सुटले तर सुटले. नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाल अंगावर पडली तर माणसाने स्नान करावे असे पंचांग सांगते. आमच्या घरी पालीलाच स्नान घालण्याची पाळी आली, यावर शेजारच्या आजी अजून हसतात. मात्र पुढे पुढे कोमट पाणी त्याच आणून देऊ लागल्या.

डोळ्याला घरी हात लावू नये. पापणीच्या आत कात साचली की जनावर डोळा मिटून बसते, किडा दिसत नाही म्हणून खात नाही, आणि आपण समजतो की रुसले आहे. येथे काडी, चिमटा, तेल काही नको, डॉक्टर हवा. तसेच बोट काळे पडले असेल, सूज असेल, दोन-तीन आंघोळींनी कडे सुटत नसेल, किंवा ओलावा चोख ठेवूनही दर खेपेस कात अडत असेल, तर दुखणे आत आहे असे समजावे. अंगावरच्या बारीक गोचिडी, जुनी जखम, अशक्तपणा, अन्नातली उणीव, असे अनेक मार्ग असतात. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले तर त्वचा आणि पापण्या जाड होतात आणि कात सुटत नाही. एकाच जातीच्या अळ्या रोज घातल्या की अशी उणीव येते. रातकिडे, झुरळे, नाकतोडे आलटून पालटून द्यावेत, त्यांना आधी एक दिवस भाजीपाला खाऊ घालावा, वर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. जीवनसत्त्वाची पूड डॉक्टर सांगतील तेवढीच, जास्तही बाधते. धानाच्या बांधावरून धरलेले किडे नकोत, त्यांच्या पोटात फवारणी असते. काजवे तर मुळीच नकोत. त्यांच्या काही जातींत पाली-सरड्यांना मारक विष असते. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुणे आलेच, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

हे सर्व सांगताना एक गोष्ट मनात सलते. या पेटीतल्या पालीची एक सख्खी बहीण आपल्या सातपुड्यातच राहते. २०१४ साली झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या सातपुड्याच्या रांगांतून बिबट्या पालीची एक नवी जात जगापुढे आणली आणि तिला सातपुड्याचेच नाव दिले. म्हणजे शास्त्राला तिचे नाव ठाऊक होऊन काही वर्षेच झाली. गावच्या लोकांना मात्र ती नेहमीच दिसत आली आहे. अशा जाड शेपटीच्या, ठिपकेदार पालीला आणि घोरपडीच्या पिलालाही आपल्याकडे विसखोपरा म्हणतात, तिच्या दंशाने माणूस पाणी मागत नाही असे सांगतात, आणि दिसली की दगडाने ठेचतात. तिला विष नाही. भारतातल्या कोणत्याच पालीला नाही. पावसाच्या सुरुवातीला दगड उलटताना ती दिसली तर दगड होता तसा ठेवून द्यावा. त्याखालची ओल हेच तिचे तळघर. तिला धरून पेटीत घालण्याचा मोह तर कुणी धरूच नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, २०२२ साली त्याच्या याद्या नव्याने लावल्या गेल्या; रानातला जीव घरात आणण्यापूर्वी वन खात्याला विचारावे, आणि विकत घेतलेल्या जनावराचीही पावती व कागद मागून घ्यावेत. आमच्या भाच्यापाशी ते होते, हे आम्ही पेटी ठेवून घेण्यापूर्वीच पाहिले होते. कागद पाहिले, बोटे पाहिली नाहीत.

भिंतीवरच्या पालीलाही हा त्रास होतोच. तिच्या बोटांच्या गाद्यांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य लव असते आणि तिच्या जोरावर ती छतावर उलटी धावते. तेथे जुनी कात अडकली तर पकड सुटते. अंगावर पडणाऱ्या प्रत्येक पालीचे पाय कातीने बांधलेले असतात असे आम्ही म्हणत नाही. पण कोष्टक उघडण्यापूर्वी तिच्या पायांकडे एक नजर टाकायला हरकत नसावी.

भाचा उन्हाळ्याच्या सुटीत आला. पेटीपाशी बसून त्याने जनावर हातावर घेतले, एकेक पाय उलटून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवले. जाताना पेटी नेण्याचे त्याने विचारले. वसतिगृहात परवानगी नाही, हे त्यालाही माहीत होते. पेटी येथेच राहिली. ओटीतल्या दिनदर्शिकेवर आता कातीच्या तारखा लिहिलेल्या असतात, गवळ्याच्या हिशेबाशेजारी. कात पडली की भिंग काढायचे, दिव्याखाली बसायचे आणि बोटे मोजायची. श्रावणातल्या सोमवारी पडलेल्या कातीपुढे आमच्या घरातून लिहिलेली नोंद अशी आहे : अठरा पुरी, दोन तोकडी, सर्व स्वच्छ.